फाटकावरची वही

—नाय नाय, गुरुजी, आत्ताच कुठं निघालात? बसा. खाली बंदरावर नुसता चिखल हाय. पाणी भरल्याबिगार पलीकडची होडी येत नाय, आन तुमची नवी शाळा काय पळून जात नाय. बसा या बाकावर, सावली हाय. नाव मागून लिवू. वहीची घाई मेनेजरला, तो सांजच्याला येतो न्यायला. — काय म्हणालात? बंदराच्या वाटेवर फाटक कसं? पयल्याच दिवशी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत बघा! जमीन शेटची, गेल्या साली घेतली त्यानं बंगल्यासाठी. पण वाट गावाची. माझ्या आज्याच्या आज्यापासनं माणसं हितनं खाडीवर उतरतात — जाळी घेऊन, मीठ घेऊन, गणपती घेऊन, मेलेलं माणूस घेऊन. आन आता मधी हे फाटक, आन फाटकावर मी. केरू गोमा. व्हय, गावचाच! बाहेरचा गुरखा ठेवला असता तं लोकांनी त्याला खाडीत बुचकळला असता, म्हणून घरचा माणूस ठेवला. शेट काय येडा नाय.

तुमी काय केलं असतं माझ्या जागी? आधी ऐका, मंग सांगा. मिठागर बंद पडलं तवा माझे पाय असे झालेले — हे बघा, भेगा अजून भरल्या नाय. तीस वरसं खाऱ्या पाण्यात, थट्टा हाय का? तवा मेनेजर घरी आला, म्हणाला, केरूशेट, बसून करायचं काम हाय, एक वही लिवायची. मला केरूशेट म्हणाला! आन मी सातवी पास, गावाची सगळी पत्रं मी लिवायचो, कोणाचा पोरगा लष्करात, कोणाची पोर रोह्याला दिलेली. अक्षर बघा — बघा की! तारीख, नाव, काम काय, आन शेवटी हा रकाना, 'मालकाच्या परवानगीने', त्याच्याखाली सही नायतर अंगठा. हा रकाना मेनेजरनं सांगितलेला. मला वाटलं, मोठ्या लोकांना चोरीमारीची भीती, ठेवत असतील वही. खरंच तसं वाटलं. म्हणजे, पयले आठ दिस वाटलं.

मंग गावानं केस टाकली ना पेणला. गुरुवारी तारीख हाय. काळुराम म्हणून आमचा एक रिटायर पोस्टमन हाय, त्यानं समिती काढली, वाट बचाव समिती. आन पैका कुठनं आणायचा? आमच्या बांधाला उघाडी हाय, खाडीचं पाणी आतबाहेर करायचं दार. तिथं जाळं लावायचा हक्क गाव दरसाल लिलावात देतं, त्या पैशावर जत्रा होते. औंदा जत्रा नाय. नाटक नाय, पाळणा नाय, पोरं रडून रडून झोपली, पण सगळं वकिलाला दिलं. बायका हमरापूरला जातात कारखान्यात, गणपती घासायला, दिवसभर नाकातोंडात पांढरी भुकटी — त्यांनी आठवड्यातली एक मजुरी डब्यात टाकायची असं ठरवलं. डबा फिरवते कोण? हौसा. माझीच बायको! घरोघर जाते, कोणाला सोडत नाय. मलाबी नाय सोडलं. मी पण दिले, एकशे एक. देवळात माईकवर पुकारलं, केरू गोमा यांच्याकडून एकशे एक! लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेटचाच पगार शेटच्याच केसला, म्हटलं झाली फिट्टंफाट. मनाला सांगितलं तसं. मन काय ऐकतंय, गुरुजी?

कारण काळुरामनं त्याच दिवशी समजावलं — वकील म्हणतो, वाट हक्काची ठरायला लोक कोणाला न इचारता जात आले पायजेत. एकदा का परवानगी मागितली, हक्क गेला. म्हणजे ह्यो रकाना! गावानं ठरवलं, वहीला कोणी हात लावायचा नाय. यायचं, 'काय केरूदादा, जेवलास का' म्हणायचं, आन सरळ जायचं. मला कोणी वाकडा शब्द बोललं नाय, देवाशपथ. मेनेजर बघतो तं पान कोरं. म्हणाला, वही कोरी तं माणूस कशाला ठेवायचा? — मंग? मंग काय, वही भरली. — कशी म्हणजे? भरली. — असं बघू नका, गुरुजी. बरं, नाय भरली लोकांनी.

सही कोणाची कशी करणार मी? म्हणून ज्यांना सही येत नाय त्यांचीच नावं. म्हाताऱ्या बायका. रंभा, सगुणा, अशा दहा. हे स्टॅम्पपॅड मेनेजरनं दिलेलं. एका बाईला हा अंगठा, दुसरीला तो अंगठा, मंग हे बोट, हे बोट — दहा बोटं दिलीत देवानं, दहा बायका झाल्या. हसता? हसा. मीबी हसलो होतो पयल्या दिवशी, एकटाच. आता ही शाई राखेनं घासली तरी जात नाय. हौसा वाढताना माझ्या हाताकडं बघते, इचारत काय नाय. इचारलं असतं तं बरं झालं असतं.

तिचं नाव? हाय ना. पयलं तिचंच. रोज, पानाच्या वर. का म्हणजे... घरचं माणूस, म्हटलं ती काय बोलणार नाय. आन गुरुवारी तीच पयली साक्षीदार. पिंजऱ्यात उभी राहून सांगणार, मी कोणाला इचारलं नाय आन जल्मात इचारणार नाय. मंग शेटचा वकील ही वही उघडणार. — आन ऐका ना, गुरुजी, ती या फाटकातनं एकदाबी गेलेली नाय हो! फाटक लागल्यापासनं एकदाबी नाय. लांबनं जाते, बांधावरनं, पाऊण तास, गुडघाभर चिखलातनं, डोक्यावर पाटी. मी म्हटलं, अगो, सगळा गाव जातो, तुला काय झालं? तं म्हणाली, 'न लिवता गेले तं तुमची नोकरी जाईल, लिवून गेले तं वाट जाईल. माझं नाव लिवायची पाळी तुमच्यावर नको.' असं म्हणाली. आन पाय धुवायला गेली.

मी हलकट हाय, गुरुजी. व्हय, हलकटच. — कागद हाय का तुमच्याकडं? काढा. माझं अक्षर नको, माझ्या अक्षरावर आता कोण इश्वास ठेवील? तुमी लिवा, मी सांगतो. लिवा — मी, केरू गोमा, राहणार... लिवलंत? — या वहीतले सगळे अंगठे... सगळे अंगठे हे... थांबा. गाडीचा आवाज येतोय का? थांबा थांबा. बुलेट. मेनेजरचीच. सांजच्याला येणारा दुपारी कसा उगवला? तो कागद — आणा हिकडं. आणा म्हणतो ना! फाडतो. नाय, काय नाय, आपण भरतीचं बोलत होतो. भरतीचंच. ती बघा होडी लागली, उठा, पिशवी इसरू नका. — नाव काय म्हणालात, गुरुजी? पुरं नाव सांगा, मोठ्यानं. काम, शाळा. हितं सही करा, या रकान्यात. हे पेन. — घ्या की. — गुरुजी? — अवो, निदान थांबा तरी...

बरं. जावा तुमी. मी लिवतो वहीत तुमचं.