गाळलेली पानं

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या शिंपीणबाईंच्या शेजारी एक आजी डोळ्यांवर पट्टी बांधून बसल्या होत्या आणि नवऱ्याने नुकत्याच वाचून दाखवलेल्या कादंबरीबद्दल त्याच्याकडूनच आपल्या वाचनवहीत लिहून घेत होत्या.

“लिहा, ‘कादंबरी छान, पण मुलीचं पुढे काय झालं, ते सांगायचं लेखक विसरला.’”

“लिहिलं.”

“लेखक विसरला, की वाचणाऱ्याने पानं गाळली? पट्टी डोळ्यांवर आहे हो, कानांवर नाही.”

“अगं, तापाने जाते ती पोर.”

“आपलीही गेली. तीस वर्षांत तिचं नावसुद्धा काढलं नाहीत तुम्ही.”

“मला नाही झेपत.”

“मग ते वाक्य खोडा आणि ती पानं वाचा. गळा दाटला तर थांबा. मी आहे ना.”

पानं मागे उलटल्याचा आवाज आला. तेवढ्यात शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. त्यांनी मागच्या बाईंना पुढे जायची खूण केली.