आजी, तुम्ही बसा

हसायचं तर हसा, पण सांगतेच. नातवंडं मोठी झाल्यावर मी बी.ए.ला नाव घातलं. पंचवटीतल्या एका कॉलेजात रविवारी वर्ग भरतात. वाचायला मी माझी मी शिकले, त्यामुळे कोणाला भ्यायची सवय नाही. पण भूगोलाचे सर, अगदी पोरसवदा, सगळ्यांना उभं करून प्रश्न विचारायचे आणि माझ्यापाशी आले की म्हणायचे, "आजी, तुम्ही बसा."

एका रविवारी मीच उभी राहिले. "सर, मी काय इथे कीर्तनाला येते? मलाही विचारा."

सर चाचरले. "बरं. आपली गोदावरी कुठल्या समुद्राला मिळते?"

"मुंबईच्या! तोच तर जवळ आहे."

पोरं खो खो हसली. सरांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चूक. ती उलटी जाते, पूर्वेला, बंगालच्या उपसागराला. पुढच्या रविवारी नकाशा काढून आणायचा."

घरी जाताना घाटावर टेकले. जन्मभर या पाण्यात धुणी धुतली, पण ते जातं कुठे हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. पाण्यावर ऊन हलत होतं. मी बसल्या जागेवरून त्याच्याबरोबर निघाले. पैठण गेलं, नांदेड गेलं, पुढची गावं मला ठाऊक नव्हती, तरी जातच राहिले.

दारातच सून म्हणाली, "आई, आज एवढ्या खुशीत? उत्तर बरोबर आलं वाटतं?"

"छे गं, साफ चुकलं. आता सर मला पुन्हा विचारणार!"