मेधाच्या लग्नात द्यायची कादंबरी

मुलुंडला दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर एक जाडजूड कादंबरी होती.

“कुंदा, दादाच्या मेधाला लग्नात हे देणार तू?”

“पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ छापलंय ना, ताई. पुस्तक चालतं. आणि ही अभिजात आहे.”

“अगं, यात नवरा बायकोला वर्षभर कोंडून ठेवतो.”

“पण लिहिलंय किती सुंदर.”

“तेच तर. वाचताना दया येते ती त्याची. तिची येतच नाही. कळतंय का तुला?”

“म्हणजे अभिजातच की.”

“असेल गं बाई. पण उद्या मेधाच्या नवऱ्याने वाचली म्हणजे?”

“त्यानेच सुचवलीय. तीनदा वाचलीय म्हणे.”

“ऊठ. दाढ राहू दे. आधी दादाकडे चल.”