किल्ली अभिनवकडे

संकष्टीच्या संध्याकाळी, कसबा पेठेतल्या गणपतीच्या रांगेत सुहासिनीताईंचं जपात लक्ष लागेना. पुढची दोघं बोलत होती.

"राजस, चार शनिवार आम्ही फासे घेऊन तुझ्या खेळातल्या त्या बंद दारासमोर बसलोय. उघड की!"

"किल्ली अभिनवच्या पात्राकडे आहे."

"अभिनव जर्मनीला गेला. तिकडे शनिवार नसतात बहुतेक. मेसेजसुद्धा बघत नाही."

"त्याचं पात्र धर्मशाळेत झोपलंय, तनया. उठेल."

"अरे, गेम मास्टर तू! गोष्ट तूच रचतोस ना? मग आम्हाला दुसरी किल्ली दे."

"दिली, आणि तो आला, तर त्याला करायला काय उरेल?"

त्या दोघांपुढची रांग केव्हाच सरकली होती. दूर्वांची जुडी धरून सुहासिनीताई तशाच थांबल्या. "पुढे व्हा" म्हणाल्या नाहीत.