नको असलेला आवाज

गौरांग : काका, आता काय विचारतंय ते?

गयासुद्दीन : तेच. हे आवाज साफ कराचं प्लगिन कुठं टाकू म्हणते कॉम्प्युटर. सकाळपासून चार डाव टाकलं, चारी डाव गायब. टाकलं म्हणते, अन् सॉफ्टवेअर उघडून पाहावं तं नाव नाही.

गौरांग : पण टाकलंत कुठे?

गयासुद्दीन : 'विमलबाई' नावाच्या फोल्डरात. त्यायचं रेकॉर्डिंग तिथंच हाय ना. औजार कामाच्या बाजूले असलं म्हंजे बरं. कॅसेटच्या जमान्यात माहा पेचकस टेपवरच पडलेला राहे.

गौरांग : म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये एकेक प्लगिन आहे की काय तुमचं?

गयासुद्दीन : सगळ्यायच्या नाही. तिघायच्या.

विमल : गयासभाऊ, माह्या नावाचं काय चाललं हो फोनवर? चारची चांदूर बाजारची एसटी हाय माही. जठारपेठेतून स्टँडावर पोचाले येळ लागते.

गयासुद्दीन : तुमच्या आवाजामागं पंख्याची घरघर आली बाई. ते काढाचं औजार बसवून राहिलो. हा स्पीकरवर बोलते तो गौरांग, अमरावतीले क्लास हाय याचा कॉम्प्युटरचा. आंधी माह्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवे. नाहीतं असं करा, पंखा बंद करतो, पुना बोलता का? दहा मिनटायचं काम.

विमल : नाही. एक डाव निंघालं तोंडातून. आता बोलली तं पाठ केल्यावानी होईन.

गौरांग : ताईंचं बरोबर आहे. काका, हे सॉफ्टवेअर प्लगिन शोधतं ते एकाच फोल्डरमध्ये. तुमच्या फोल्डरात ते डोकावतसुद्धा नाही.

गयासुद्दीन : कावून नाही? नाकासमोर तं हाय त्याच्या.

विमल : आमच्या घरी इळा कुडाच्या भितीत खोचून ठेवते. काम वावरात असलं तरी वावरात नाही ठेवत. ज्याले लागला त्यानं अंधारात बी कुडाले हात लावावा, इळा भेटते. तुमच्या मशीनचा कूड कोणता, ते इचारा ना या भाऊले.

गौरांग : ताई, दोन तास मी हेच सांगतोय, पण मला असं सांगता आलं नाही. काका, सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, त्यात तुमच्या सॉफ्टवेअरचं फोल्डर, त्यात 'प्लगिन्स'. तो कूड.

गयासुद्दीन : थांब. टाकलं. आता बंद करून चालू करतो... आलं रे. आलं नाव.

गौरांग : आता आवाज साफ करायचा काटा शंभरवर न्या आणि ऐका.

(गयासुद्दीन रेकॉर्डिंग लावतो. विमलबाईंचा आवाज : "त्या दिवशी मी बाजारात होती. आमच्या मालकानं आतून कडी लावली होती. शेजारची मैनाबाई विरजण मागाले आली. कोणी ओ देईना, तरी ती गेली नाही. तिनं असं केलं..." मग क्षणभर काहीच नाही. "त्यायनं दार उघडलं तवाच ती थांबली.")

गयासुद्दीन : पंखा साफ गेला. कसं वाटते बाई?

विमल : ठकठक कुठं गेली? मी टेबल वाजवून दाखवलं होतं. मैनाबाईनं दार कसं वाजवलं, ते.

गौरांग : प्लगिनला तो नको असलेला आवाज वाटला, ताई.

विमल : नको असलेला? तेवढ्यावर माहं घर उभं हाय, भाऊ.

गयासुद्दीन : गौरांग, काटा कुठं आणू?

गौरांग : चाळीसवर. पण थोडा पंखा येईल परत.

विमल : येऊ द्या. लोकं म्हणतीन, बाईच्या नशिबानं लाईन तरी होती.

गयासुद्दीन : आयका आता. आली का ठकठक?

विमल : आली. असंच वाजवलं होतं म्हणे. त्या दिवसाचं मालकानं मले एवढंच सांगतलं.

गयासुद्दीन : गौरांग, दोन तास खाल्ले तुहे. लई मेहेरबानी बेटा.

गौरांग : काका, माझ्या पहिल्या कार्यक्रमात मी सूर चुकत होतो, तेव्हा तुम्ही गुपचूप माझ्या कीबोर्डचा आवाज खाली घेतला होतात. कोणाला कळू दिलं नाहीत. त्याचे आभार मानायचे राहिलेत माझे. ठेवतो.

गयासुद्दीन : पाहा, याद हाय त्याले. बाई, सीडी करून देतो. बचत गटात कवा लावनार?

विमल : लावाचं तं हायच. औंदा आमच्या गावात दोन दारं कोणी वाजवलीच नाही, दोघं जीवानिशी गेले. पण आंधी मैनाबाईच्या घरी लावीन. दोन वर्सं झाली, तिले एका शब्दानं काही म्हटलं नाही मी. रोज भेटतो, भाजीचं बोलतो, पाण्याचं बोलतो. हे तोंडावर बोलाले मले जमत नाही.

गयासुद्दीन : अन् सीडी चालू असताना तुमी काय करसान?

विमल : काही नाही. तिच्या बाजूले बसीन.