एकट्या माणसाचा मोठा समोवार

तूबा खानुम : हातोडा ठेव बाजूला, गोलनारजान. तंबू काही पळून जात नाही. इकडे माझ्या सतरंजीवर ये. अशी लांब नको, गुडघ्याला गुडघा लावून बस. तुला एका आवाजाची गोष्ट सांगते. आजवर कुणाला सांगितली नाही, आणि तिचा शेवट काय ते मलाही ठाऊक नाही.

गोलनार : शेवट ठाऊक नाही तर सांगणार काय, आजीजान? सकाळी तंबूत डोकं घातलेल्या त्या गाईने खुंट्या उपटल्यात, दोन अजून ठोकायच्या आहेत. बाबा खालच्या गावातून रोट्या घेऊन आले की म्हणतील, दोघी बसून होतात का?

तूबा खानुम : म्हणू दे. तुझा बाप असला तरी माझा लेक आहे. मला आधी सांग, हा हातोडा कुठला? आपला तर सारीला घरीच राहिलाय.

गोलनार : त्या टोकाच्या तंबूतला. तळ्यात ती वाळकी झाडं उभी आहेत ना, त्यांच्या समोरचा. तिथे एक म्हातारे आगा एकटेच राहतात. मी हातोडा मागितला तर म्हणाले, 'तुझाच आहे पोरी, घेऊन जा, परत आणूच नकोस.'

तूबा खानुम : आणि तू काय म्हणालीस?

गोलनार : घाबरू नको, संध्याकाळी परत देणार आहे. मग त्यांनी चहा विचारला. मी म्हटलं, नको. पुन्हा विचारला, म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा बसले. तोवर चहा निवला! आपण लोक पहिल्यांदाच हो का म्हणत नाही गं? किती वेळ जातो यात.

तूबा खानुम : वेळ जातो तो माणसाला मान द्यायलाच जातो. पहिल्या हाकेला हो म्हटलंस तर चहासाठीच गेली होतीस असं दिसतं. आणि समोरच्याने एकदाच विचारलं, तर त्याने नुसतं तोंडदेखलं विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं की कळतं, याला मी खरंच हवी आहे.

गोलनार : तेहरानला आमच्या वसतिगृहात असं वागलं तर उपाशी मरायची वेळ येईल. पण ऐक ना, त्या आगांचं एक नवल आहे. एकटा माणूस, एवढासा तंबू, आणि चहाचं पाणी उकळायचा समोवार केवढा? लग्नघरचा! पितळी, माझ्या कमरेएवढा. सकाळपासून उकळतोय. बाजूला ताटभर पेले पालथे घालून ठेवलेत. मी विचारलं, पाहुणे यायचेत का? तर हसले आणि म्हणाले, 'काय सांगावं, येतीलही.'

तूबा खानुम : दिसायला कसे आहेत?

गोलनार : उंच, जरा वाकलेले. भुवया पांढऱ्या. आणि अजून एक गंमत. पहाटे मी झऱ्यावर पाणी भरायला गेले होते. धुक्यात कोणी तरी गात होतं. मला वाटलं, कुणाचा रेडिओ. जवळ गेले तर हेच आगा, तळ्याकडे तोंड करून उभे. एक ओळ गायची आणि मध्येच थांबायचं. आपण थांबतो तसं नाही. म्हणजे, समोर माणसं बसलीत आणि त्यांचं रडून होऊ द्यायचंय, असं थांबायचं.

तूबा खानुम : या अल्ला. कुठली कथा होती?

गोलनार : नदीवर पाणी आणायला गेलेल्या अब्बासची. ओंजळीत पाणी घेतो, लेकरं तहानलेली आहेत हे आठवतं, आणि न पिताच सोडून देतो, ती. का गं?

तूबा खानुम : काल रात्री इथे आल्यापासून मला वाटत होतं, वाऱ्यावर ओळखीचं काही तरी येतंय. म्हणूनच तुला जवळ बोलावलं. गोलनार, तो आवाज आगा नेमतचा आहे. आमच्या मोहल्ल्यात मुहर्रमला ते रौजा गायचे. करबलाची कथा असे गाऊन सांगायचे की आम्ही बायका पडद्यामागे चादरीत तोंड खुपसून रडायचो, आणि घरी जाताना वाटायचं, छातीवरचा दगड कोणी उतरवून ठेवला.

गोलनार : मग आता का नाही गात?

तूबा खानुम : हाच तर गोष्टीचा न कळलेला शेवट. एका वर्षी मुहर्रम आला, आणि आगा नेमत आले नाहीत. कोणी म्हणे घसा गेला. कोणी म्हणे मुलाशी भांडले. रोट्या भाजणाऱ्या नानवाईची बायको म्हणे दुसरं लग्न केलं, पण तिच्या दृष्टीने सगळेच दुसरं लग्न करतात. नंतर ते मोहल्ला सोडून बाबोलला गेले. आणि माझा नवस तसाच राहिला.

गोलनार : कसला नवस?

तूबा खानुम : तुझाच की. तू लहान होतीस, तापाने तीन आठवडे डोळा उघडला नव्हतास. डॉक्टर तुझ्या बापाशी हळू आवाजात बोलायला लागले होते. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून म्हटलं, पोर उठू दे, माझ्या सतरंजीवर आगा नेमतचा रौजा घालीन. तू उठलीस आणि पहिलं काय मागितलंस? लसणाचं लोणचं.

गोलनार : मला हे कोणी कधी सांगितलंच नाही. पण दुसऱ्या कुणाला बोलवायचं होतंस.

तूबा खानुम : नवसात नाव घेतलं होतं गं. एकाच्या नावाचं दुसऱ्याकडून फेडता येत नाही. रोज नमाजानंतर आठवण होते. माझं वय बघ. हे ओझं डोक्यावर घेऊन वर जायचं, आणि इमाम हुसेननी विचारलं, तूबा, माझं राहिलं ना, तर मी काय सांगू? ऊठ. वांग्याचं भरीत ताटलीत काढ, वर लसणाचं लोणचं घाल. रिकाम्या हाताने जायचं नाही.

(दोघी तळ्याच्या टोकाच्या तंबूपाशी येतात.)

तूबा खानुम : सलाम, आगा. मी तूबा, सारीच्या नालबंद मोहल्ल्यातली. ही माझी नात, तुमचा हातोडा नेणारी.

आगा नेमत : सलाम, खानुम, या, या. माझी सतरंजी उजळली. हे कशाला आणलंत? वास तर असा आहे की तळ्यापलीकडची गाय पोहत येईल.

गोलनार : आलीच होती आगा, आमच्या तंबूत डोकं घालून बसली होती.

आगा नेमत : चहा घ्या. नालबंद मोहल्ला. अजून आहे का तो तुतीचा वृक्ष, मशिदीच्या कोपऱ्यावर?

तूबा खानुम : वृक्ष आहे. खाली बसणारे गेले. आगा, आधी विचारते म्हणून रागावू नका. तुम्ही का थांबलात? मोहल्ल्यात प्रत्येकाने आपापलं कारण लावलं.

आगा नेमत : त्यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?

तूबा खानुम : दुसरं लग्न.

आगा नेमत : वा! माझ्या बायकोने ऐकलं असतं तर खूश झाली असती. म्हणाली असती, चला, त्या बिचारीला थोडा भार उचलू दे.

गोलनार : मग खरं काय?

आगा नेमत : खरं इतकंच आहे की सांगायला लाज वाटते. आमच्याकडे पद्धत अशी होती, पोरी. मुहर्रमच्या आधी मशिदीतली वडीलधारी माणसं घरी यायची. जोडे काढून बसायची, चहा व्हायचा. मग म्हणायची, आगा, यंदाही गाल ना. मी म्हणायचो, माझी काय लायकी, माझ्याहून चांगला बघा. पुन्हा चहा. पुन्हा विचारायची. मी म्हणायचो, घसा म्हातारा झाला. तिसऱ्यांदा विचारलं की डोळ्यांवर हात ठेवून म्हणायचो, तुमचा शब्द डोळ्यांवर. माझ्या वडिलांनी असंच केलं, त्यांच्या वडिलांनीही.

तूबा खानुम : आणि त्या वर्षी?

आगा नेमत : त्या वर्षी कमिटीत नवा माणूस होता. तरुण, कामसू, फार सभ्य. त्याने फोन केला. म्हणाला, यंदाही गाल ना. मी म्हटलं, माझी काय लायकी, माझ्याहून चांगला बघा. तो म्हणाला, 'बरं आगा, जशी तुमची मर्जी, तब्येतीला जपा.' आणि फोन ठेवला.

गोलनार : झालं? एवढंच?

आगा नेमत : मी फोन कानाला लावून कितीतरी वेळ तसाच उभा.

गोलनार : अहो, मग उलट फोन करायचा होतात!

आगा नेमत : करून काय म्हणू? मला अजून दोनदा विचारा?

तूबा खानुम : हसू नको गं, गोलनार.

आगा नेमत : हसू द्या, मीही हसतो. त्या मुलाचा काही दोष नाही, खानुम. त्याला वाटलं, म्हातारा थकलाय, आग्रह करून छळू नये. त्यानेही मला मानच दिला.

तूबा खानुम : आणि आम्हाला कळलं ते असं, की आगांनी स्वतःच नकार दिला. मग सगळे म्हणाले, आता त्यांच्या दारात जाऊन त्यांना भीड घालायला नको.

गोलनार : म्हणजे अख्खा मोहल्ला मोठ्या अदबीने गप्प बसला, आणि हे मोठ्या अदबीने घरात बसले. धन्य आहे आपली!

तूबा खानुम : आगा, माझा एक नवस आहे. या पोरीच्या जिवासाठी केलेला, तुमचं नाव घेऊन. आमची सतरंजी इथे जवळच आहे. एक रौजा गाल का?

आगा नेमत : खानुम, माझी काय लायकी? आता किती तरी चांगले गाणारे आहेत.

तूबा खानुम : असतील. मला तुम्ही हवे आहात. कृपा करा.

आगा नेमत : घसा गेला, खानुम. खरंच गेला. हे धुकं, हे वय. नवसाला फाटका आवाज अर्पण करू नये.

तूबा खानुम : खरंच गेला?

आगा नेमत : खरंच.

तूबा खानुम : तसं असेल तर… आजारी माणसाला भीड कशी घालू मी? चल गोलनार. ताटली राहू दे, उद्या नेऊ. माझंच नशीब. आगांना त्रास नको.

गोलनार : बस खाली, आजीजान. तू आता अगदी त्या कमिटीवाल्यासारखं बोललीस. आगा, पहाटे या तळ्याला कोण ऐकवत होतं?

आगा नेमत : तू होतीस तिथे?

गोलनार : पाण्याची बादली घेऊन उभी होते. हात बधिर झाला तरी बादली खाली ठेवली नाही, आवाज होईल म्हणून. मला हे तीनदा विचारणं मुळीच आवडत नाही. पण आजीने दोनदा विचारलंय, तर तिसऱ्यांदा मी विचारते. मी त्या तापातून उठलेली पोर आहे, माझा हक्क आहे. गाल का, आगा?

तूबा खानुम : गोलनार, उगी राहा आता.

आगा नेमत : बोलू द्या तिला. पोरी, आवाज आहे. गेला म्हटलं ते खोटं होतं, अल्ला माफ करो. पण मी गायचो तेव्हा माझी बायको, गोहर, पडद्यामागे पहिली बसायची. सगळ्यांत आधी तिचा हुंदका यायचा, आणि मला कळायचं, सूर जागेवर आहे. आता ती नाही. पहाटे गातो, थांबतो, आणि पलीकडून काहीच येत नाही. तळं ऐकतं, पण तळं रडत नाही.

गोलनार : त्याची काळजी सोडा. आमची आजी कांदा दुरून बघितला तरी रडते.

तूबा खानुम : गोलनार!

गोलनार : आत्तासुद्धा बघा, सुरू झालीये.

आगा नेमत : तुमचा शब्द डोळ्यांवर, खानुम. तुझाही, लेकी. सतरंजी इकडेच आणा, पाण्याजवळ. आणि त्या सगळ्या तंबूंत जाऊन सांग, तिसऱ्या प्रहरच्या अस्र नमाजानंतर रौजा आहे, ज्याला यायचं त्याने यावं. चहा तयार आहे.

गोलनार : लगेच जाते.

तूबा खानुम : आणि एकदा विचारून मागे फिरू नकोस हं.

गोलनार : प्रत्येक तंबूत तीनदा? आजीजान, रात्र होईल!

तूबा खानुम : होऊ दे. आगा, हा समोवार तुम्ही सकाळपासून तापवून ठेवलात, तो काय आम्ही येणार म्हणून?

आगा नेमत : हा गोहरचा. तो फोन आला त्या दिवशी तिने काढला. म्हणाली, एकदा विचारलंय, आता घरी येतील, माणसं पुष्कळ असतील. दुसऱ्या दिवशीही पेटवला. मुहर्रम संपला तरी पेटवायची. बाबोलला गेलो तिथेही, दर उन्हाळ्यात या तळ्यावर यायचो तेव्हाही. मी चिडायचो, तर म्हणायची, वाट चुकले असतील, येतील. खानुम, रौजा सुरू करण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या नवसाची दुआ मागाल तेव्हा माझ्या गोहरचंही नाव घ्या. दुसऱ्यांदा विचारायला कोणी येईल म्हणून ती शेवटपर्यंत पाणी उकळतं ठेवत होती.