लिटल ऑर्विकची अंगारकी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय मंजिरीताई, लिटल ऑर्विक गावच्या पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, चेअर आणि आपल्या प्रमुख पाहुण्या पॉलीनबाई, सत्कारमूर्ती सुप्रभाताई, क्रॉयडन आणि हाउन्सलोहून रविवारच्या बंद ट्रेनला तोंड देत वॉटफर्डला वेळेवर पोचलेले सभासद, वाटेत असलेले सभासद, आणि बटाटेवड्यांच्या वासानं मागच्या रांगेत अस्वस्थ झालेल्या बालमित्रांनो,

मी शशिकांत वर्तक. दहा वर्षं या मंडळाचा कार्यवाह होतो. मंजिरीताईंनी मला सात मिनिटं दिली आहेत. मला सात मिनिटं देण्याचा धोका त्यांना माहीत आहे, तरी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

सुप्रभाताई पुढच्या महिन्यात कायमच्या नागपूरला निघाल्या आहेत. बावीस वर्षं त्यांनी लिटल ऑर्विकच्या शाळेत गणित शिकवलं. त्याचा गौरव कौन्सिलनं केलाच आहे. मी बोलणार आहे ते एका खुनाबद्दल. दचकू नका, खून शंभर वर्षांपूर्वीचा आहे. पॉलीनबाईंच्या शेजारी ताईंची नात सारा बसली आहे, ती त्यांना भाषांतर करून सांगते आहे. सारा, माझे विनोद गाळलेस तरी चालेल.

तर १९०८ साल. थॉर्नबरी नावाच्या एका अधिकाऱ्याची विधवा पुण्याहून परत येऊन या गावात राहिली. सोबत तिची आया, राजापूरकडची भागू. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या मंगळवारी चहाच्या वेळी केक कापला गेला. खाणाऱ्यांना विषबाधा झाली, आणि पहाटे मालकीणबाई गेल्या. चौकशी बसली. भागूनं केकला हात लावला नव्हता. दुपारी ती हिरवळीवर बसून गवत खुडत होती. चंद्र उगवल्यावर पितळी तांब्या घेऊन बागेत पुटपुटत उभी होती. आणखी काय हवं? पुराव्याअभावी खटला उभा राहिला नाही, पण गावानं निकाल देऊन टाकला. तिला मायदेशी कुणी पाठवलं नाही, कामावर कुणी ठेवलं नाही. अनाथालयासारख्या एका सरकारी घरात चौदा वर्षं भांडी घासून ती वारली. चर्चमागच्या कोपऱ्यात तिला पुरलं. दगड नाही, नाव नाही. चर्चच्या माहितीपत्रकात मात्र ती होती. 'खुनी आया' म्हणून.

आणि मंडळी, गावच्या उन्हाळी जत्रेत दर वर्षी या खुनाचं नाटक होत असे. तिकीट लावून, केकसकट. २००५ साली आयाचं काम करणाऱ्या बाईंचा पाय मोडला. पॉलीनबाईंनी ताईंना फोन केला, "सुप्रभा, वुड यू माइंड?" गावात दुसरं कोण होतं म्हणा. आपल्या ताई भिडस्त. गेल्या.

नाटकातले संवाद जुन्या चौकशीच्या कागदांवरूनच घेतलेले होते. तालमीत माळ्याची साक्ष आली, "बाईनं गवताची पाती मोजून घेतली हो. बरोबर एकवीस." दिग्दर्शक म्हणाले, "आता तू दुष्टपणे हसायचंस." ताईंनी वही खाली ठेवली आणि भर तालमीत मराठीतून म्हणाल्या, "अहो, ही तर संकष्टी."

या सभागृहात हे समजावून सांगायला हवं का? दिवसभर उपास, म्हणून केक नाही. गणपतीला एकवीस दूर्वा. इथे दूर्वा कुठल्या, म्हणून मिळेल ते गवत. चंद्रोदयाला अर्घ्य, मग जेवण. जिला आपण सगळे दर महिन्याला ओळखतो ती बाई शंभर वर्षं खुनी म्हणून उभी होती. त्या संध्याकाळी सारा आजीला म्हणाली, "आजी, तिची फास्ट होता म्हणून तिने केक नाही खाल्ला? दॅट्स इट? कोणी आस्क पण नाही केलं?"

कुणीही विचारलं नव्हतं, बाळा. ताईंनी विचारलं. नागपूरच्या बहिणीला, अलकाताईंना, जुनं पंचांग शोधायला लावलं. निघाली ती नुसती संकष्टी नव्हे, मंगळवारची अंगारकी. मग गणिताच्या बाई पुढच्या पायरीवर गेल्या. भागू निर्दोष, तर मालकीणबाईंच्या मरणाचा फायदा कुणाला? त्यांच्या पुतण्याला, एडविनला. घर पुढे त्याच्या नावावर झालं. पण त्यानं शपथेवर सांगितलं होतं, मीही केक खाल्ला, संध्याकाळपासून अंथरुणात ओकत होतो.

चर्चच्या घंटाघरात रंगवलेली एक पाटी आहे. आठ जणांनी आठ घंटा सलग तीन तास न चुकता वाजवल्याचा तो गौरव आहे. तारीख तीच, वेळ संध्याकाळी सातची, आणि चौथं नाव एडविनचं. पोटात विष घेऊन तीन तास दोर ओढता येतो का? उरलेल्या सात जणांना ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि आपणहून कुणी बोललं नाही. पाटी मात्र दर वर्षी पुसून लख्ख केली जात होती.

सुप्रभाताईंनी कौन्सिलकडे मागितलं ते एवढंच, माहितीपत्रक बदला आणि भागूच्या नावाचा दगड बसवा. तीन वर्षं लागली. त्या एकट्या जात राहिल्या. या वर्षी मार्चमध्ये मतदान झालं. तीन बाजूनं, तीन विरुद्ध. उरलं चेअरचं मत. पॉलीनबाई या एडविनच्या सख्ख्या नात. माझ्या या बोलण्याला त्यांची परवानगी आहे, किंबहुना आग्रह आहे.

त्यांनी एकच प्रश्न विचारला, "चंद्र उगवल्यावर ती जेवली का?"

ताईंनी स्वयंपाकिणीची साक्ष वाचून दाखवली. भागू बागेतून आत आली, ताट वाढून घेतलं, तेवढ्यात वरून मालकीणबाईंची हाक आली. ती ताट तसंच टाकून धावली. पहाटेपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सकाळी पोलीस आले. ताटातलं अन्न कुत्र्याला घातलं.

पॉलीनबाईंनी बाजूनं हात वर केला. गेल्या महिन्यात दगड बसला. त्यावर लिहिलंय: भागू, राजापूर. निर्दोष.

मित्रहो, मला सुप्रभाताईंचा अभिमान वाटतो, आपल्यातल्या म्हणून वाटतो. पॉलीनबाई, तुमचाही वाटतो. स्वतःच्या आजोबांविरुद्ध हात वर करणं सोपं नसतं.

आता आभार. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, वडे तळणाऱ्या निवेदिता आणि चैत्रालीचे, आणि माझी सात मिनिटं पंधरा होऊ देणाऱ्या तुम्हा सर्वांचे.

शेवटी वक्त्यानं बोलण्यातल्या चुकांची क्षमा मागायची असते. माझी चूक आजच्या बोलण्यातली नाही. ताई एकट्या का गेल्या, हे मी सांगितलं नाही. २००६ साली त्या या मंडळाकडे पाठिंब्याचं पत्र मागायला आल्या होत्या. 'स्थानिकांच्या भावना दुखावतील, मंडळानं यात पडू नये' असं दोन ओळींचं उत्तर त्यांना गेलं. त्याखाली सही माझी. दर संकष्टीला याच सभागृहात अथर्वशीर्षाची आवर्तनं घेणारा मी, आणि मला त्या बाईचं नाव कागदावर घ्यायची भीती वाटली. त्या सात घंटावाल्यांसारखाच मीही गप्प बसलो.

सुप्रभाताई, तुम्ही हे आजवर कुणालाही सांगितलं नाहीत. म्हणून मी सांगतो, आणि सर्वांदेखत तुमची क्षमा मागतो. भागूची मागायला उद्या सकाळी लिटल ऑर्विकला जाणार आहे.